कोंबड्यांसाठी तीन सह्या

पालिकेची नोटीस दाराच्या जाळीत खोचलेली होती. शाळेच्या ऑफिसातून नुकतीच आले होते. चपलाही न काढता ती वाचली आणि उभ्याउभ्या पर्समधल्या वहीत मुद्दे उतरवले. घाबरायचं असलं तरी मी आधी यादी करते.

निवासी जागेत विनापरवानगी कोंबड्या पाळल्याची तक्रार आली आहे, आठ दिवसांत परवानगी घ्यावी अन्यथा पक्षी हलवावेत, असं त्यात लिहिलं होतं. तक्रार कुणाची, ते लिहिलेलं नव्हतं.

आमचं घर लातुरात, औसा रोडच्या बाजूला एका कॉलनीत आहे. मागच्या अंगणात बोअर, शेवग्याचं झाड आणि सासूबाईंचं खुराडं. खुराड्यात सहा कोंबड्या आणि एक कोंबडा. नवरा नोकरीला नांदेडला असतो, शनिवारी येतो. त्यामुळे सोमवार ते शुक्रवारचे सगळे प्रश्न माझे.

सासूबाई बाजेवर बसून ज्वारी निवडत होत्या. मी नोटीस वाचून दाखवली. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"कोंबड्या गेल्या तर मी बी चालले गावाला."

"आत्याबाई, तसं नका बोलू."

"येतानाच बोलले होते. लिवलं न्हाईस का वहीत?"

लिहिलं होतं. दीड वर्षापूर्वीपर्यंत त्या अहमदपूरजवळच्या गावात एकट्या राहायच्या. एका सकाळी गोठ्याच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. शेजारणीला कळलं तेव्हा ऊन परतलं होतं. तो अर्धा दिवस त्यांनी कसा काढला हे त्या कधी सांगत नाहीत आणि माझ्या डोक्यातून तो कधी जात नाही. ऑपरेशननंतर त्या आमच्याकडे यायला तयार झाल्या त्या एकाच अटीवर: कोंबड्या सोबत येणार. शब्दाला त्या पक्क्या. गावाला जाते म्हणाल्या म्हणजे जाणार, आणि पुन्हा त्या उंबऱ्याशी एकट्या राहणार. मला कोंबड्या वाचवायच्या होत्या त्या याच्यासाठी. अंडी काय, दुकानातही मिळतात.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पालिकेच्या ऑफिसात गेले. स्वच्छता निरीक्षक माझ्या मुलाच्या वयाचा होता. मी वही उघडल्यावर सावरून बसला.

"मॅडम, पाळायला बंदी नाही. फक्त परवानगी लागते."

एवढं ऐकूनच माझा अर्धा जीव भांड्यात पडला. मग त्याने अटी सांगितल्या. खुराडं बंदिस्त आणि शेजारच्या भिंतीपासून लांब पाहिजे. घाण रोजच्या रोज उचलायची. विक्री करायची नाही. पक्षी दहाच्या वर नकोत. आणि लागून असलेल्या तिन्ही घरांची ना-हरकत, सहीनिशी. शुक्रवारी अकरा वाजता तो स्वतः पाहायला येणार होता.

पहिल्या चार अटी आम्ही पाळतच होतो. राहिल्या सह्या. मी तीन अर्ज टाइप केले आणि शेजाऱ्यांना बरं वाटावं म्हणून प्रत्येक अर्जासोबत स्टीलच्या डब्यात सहा-सहा अंडी ठेवली. तीन अर्ज, तीन डबे, तीन घरं. बुधवारी सकाळी शाळेच्या आधी वीस मिनिटांत उरकायचं, असं ठरवलं.

उजवीकडच्या घरी शिलाईकाम करणाऱ्या खाला राहतात. मशीनवरून उठल्याही नाहीत. "दस्तखत क्या, अंगूठा भी लेव! अम्मा के मुर्गियां गए तो मेरे पोते दूध कैसा पीते? मुर्गियां दिखाकेच पिलाती मैं." सही करून त्यांनी डबा ठेवून घेतला. डावीकडचे मास्तर अर्ज दोनदा वाचून, एक शब्द सुधारून सही करते झाले.

तिसरं घर मागच्या भिंतीचं, पोस्टातून निवृत्त झालेल्या अप्पांचं. मी गेले तेव्हा ते नुकतेच पूजेवरून उठले होते. कपाळावर विभूती, समोर पाटावर बेलाची पानं ठेवलेली परडी. मी अर्ज हातात दिला आणि डबा त्या परडीशेजारी पाटावर टेकवला.

"हे काय?"

"अंडी, अप्पा. घरचीच आहेत."

बोलले आणि कानशिलं तापली. बारा वर्षं आमची भिंतीला भिंत आहे. घर लिंगायतांचं, घरात अंडं काय, अंड्याचा केकसुद्धा येत नाही, हे मला पाठ होतं. पण मी तीन डबे भरले होते, आणि तिसरा डबा तिसऱ्या घरी पोचला होता.

अप्पा ओरडले नाहीत. "आधी ते उचला," एवढंच म्हणाले. मी उचलला. मग अर्ज परत देत म्हणाले, "तक्रार मीच केली आहे. उगाच दुसऱ्या कुणावर संशय नको. सही मी करणार नाही."

आतल्या खोलीत पलंगावर काकू पाठमोऱ्या झोपलेल्या दिसल्या. त्यांचं मणक्याचं ऑपरेशन झाल्याचं मला माहीत होतं. 'मागच्या काकूंना भेटणे' हे माझ्या वहीत तीन आठवडे खूण न होता पडून होतं.

घरी येऊन सगळं सांगितलं. सासूबाईंनी तोंडावर पदर धरला. आधी वाटलं, रडतायत. हसत होत्या.

"अंडी? अप्पाच्या दारात? पूजेच्या टायमाला? अगं माय माझे! त्या वहीत कोण काय खातंय ते न्हाई का लिवत?"

"आत्याबाई, हसू नका. उद्या गुरुवार आहे."

"काठी दे माझी. आन् शेंगा तोड चार."

शेवग्याच्या शेंगांची जुडी घेऊन त्या मागच्या भिंतीशी गेल्या. भिंत छातीएवढी आहे. पलीकडे अप्पा जास्वंदीला पाणी घालत होते.

"अप्पा, शेंगा हायत. ह्याला काय व्हत न्हाई न्हवं?"

अप्पांच्या ओठावर बारीक हसू आलं. शेंगा घेतल्या. "अक्का, तुमच्या सुनेवर राग नाही माझा."

"मग कुणावर?"

"तुमच्या कोंबड्यावर. आमच्या हिला रात्रभर दुखतं. साडेतीनच्या सुमाराला कुठं डोळा लागतो, आणि तो तेव्हाच सुरू होतो. महिना झाला. कोंबड्या राहू द्या तुमच्या, मला त्यांचं काही नाही. कोंबडा तेवढा कुणाला तरी देऊन टाका."

मी लगेच म्हटलं, "देतो, आजच देतो." माझ्या डोक्यात दोन नावं तयारही होती.

सासूबाई काठीच्या टोकाने माती उकरत राहिल्या. मग म्हणाल्या, "देता येत न्हाई. सोडलेला हाय त्यो."

शहरात ही गोष्ट समजावून सांगावी लागते, अप्पांना सांगावी लागली नाही. नवस बोलून देवीच्या नावाने कोंबडा सोडला की तो विकायचा नसतो, कापायचा नसतो, कुणाला द्यायचाही नसतो. देवीच्या दारात नेऊन सोडायचा, पुढे तो तिचा.

"नवस कुणासाठी बोलला होतात?" अप्पांनी विचारलं.

"हिच्यासाठी." माझ्याकडे न बघताच त्यांनी हनुवटीने दाखवलं. "हिच्या पिशवीचं ऑपरेशन झालं न्हवं, तवा. गावच्या मरीआईला म्हणले, पोरगी उठून कामाला लागू दे, तुज्या नावानं कोंबडा सोडते. पिल्लू होता. मोठा झाला आन् मी पडले. ऱ्हाऊनच गेलं."

त्या ऑपरेशनच्या वेळची औषधं, डबे, रजा, सगळं माझ्या जुन्या वहीत आहे. हे नव्हतं. दीड वर्षं मी त्या कोंबड्याला दाणे टाकत होते, त्याच्या आरवण्यावर कटकट करत होते, आणि तो माझ्या नावाचा होता.

अप्पांनी पाइप खाली ठेवला. ते मूळचे औशाकडच्या एका खेड्यातले. "अक्का, मरीआईचा कोंबडा मरीआईच्या दारात पाहिजे. तो लातूरच्या प्लॉटवर काय करतोय?"

"जाऊ देतंय कोण? फ्रिजवर लिवून ठिवलंय हिनं. एसटी बंद."

खरंच होतं. डॉक्टरांनी सहा महिने प्रवास नको म्हणून सांगितलं होतं. मी ते ठळक अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवलं होतं. सहा महिने होऊन वर्ष गेलं, कागद तसाच होता. सासूबाई त्या कागदाला घाबरत नव्हत्या. मला काळजी वाटू नये म्हणून गप्प राहिल्या होत्या. मी आत जाऊन कागद काढून आणला आणि भिंतीवर ठेवून अप्पांच्याच पेनाने ती ओळ खोडली.

"उद्या नको, शुक्रवारी जाते," सासूबाई म्हणाल्या. "मरीआईचा वार हाय."

"मी येते सोबत."

"तू आलीस तर त्या साहेबाला खुराडं कोण दावणार? नवस माझा हाय. मी जाते."

शुक्रवारी सकाळी नऊच्या गाडीला त्यांना बसवलं. आधार कार्ड पोलक्यात, काठी गुडघ्यापाशी, आणि मांडीवर कापडी पिशवीत कोंबडा, मान तेवढी बाहेर. कंडक्टर म्हणाला, "आजी, ह्याचं बी कार्ड हाय का?" "देवीचा माणूस हाय, गप ऱ्हा," त्या म्हणाल्या.

घरी आले तर अप्पा भिंतीशी उभे होते. त्यांनी हात पुढे केला. मी अर्ज दिला, त्यांनी सही केली, पोस्टातली असते तशी स्पष्ट, पूर्ण नावाची. मी त्यांच्या घरी जाऊन काकूंजवळ दहा मिनिटं बसले आणि वहीत खूण करायची विसरले.

अकरा वाजता निरीक्षक आला. पावलांनी अंतर मोजलं, खुराड्यात वाकून पाहिलं. "सहा. कोंबडाही आहे म्हणाला होतात ना?"

"देवाला गेला."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, "बरं," म्हणाला आणि कागदावर शिक्का मारला. परवानगी मिळाली.

दुपारी हुश्श करून चहा ठेवला आणि गावाकडून शेजारणीचा फोन आला. कोंबडा सोडून झाला होता. "म्हातारीनं कुलूप काढलंय ओ घराचं. अंगण झाडूलालीय."

चहा उतू गेला. दीड वर्ष बंद घराचं अंगण कुणी परतीच्या गाडीच्या आधी झाडतं का? परवानगीचा कागद टेबलावर होता आणि जिच्यासाठी तो मिळवला ती स्वतःच्या अंगणात होती. नवऱ्याला नांदेडला फोन केला. तो म्हणाला, "येईल गं." त्याच्या आवाजावरून त्यालाही खात्री नसल्याचं कळलं.

चारला बसस्टँडवर गेले. पहिली गाडी आली, त्यात नव्हत्या. तासाभराने दुसरी आली. माणसं उतरली, पोती उतरली. शेवटी दारातून आधी काठी आली, मग त्या. कोंबड्याची पिशवी रिकामी नव्हती. दोन्ही हातांनी जपून धरलेला डबा होता तिच्यात.

"काय आणलंत?"

"धर, हालवू नको. अंडी हायत, ज्वारीत पुरून आणली. शेजारणीकडची."

"अंडी? आपल्याकडे आहेत की."

"पांढरी खुडूक बसलीय, बघितली न्हाईस? आपली अंडी तू वाटलीस न्हाईतर फ्रिजात घातलीस, आन् आता कोंबडा बी न्हाई. उबवायची अंडी कुठनं आणू, तुज्या वहीतनं? कुलूप काढून अंगण झाडलं, घर आपलं हाय म्हणून. चल, पाय दुखूलालेत."

खुडूक कोंबडी अंड्यांवर एकवीस दिवस बसते. मग पिलं, मांजर, घारी. दोन-तीन महिने तरी सासूबाईंना हलता येणार नाही, हे मी रिक्षात बसेपर्यंत मोजून टाकलं आणि डबा मांडीवर घट्ट धरला.

"किती आहेत?"

"नऊ."

"आत्याबाई, दहाच्या वर पक्षी चालत नाहीत. सहा आणि नऊ..."

"सगळी निघत न्हाईत."

"आणि त्यात कोंबडे निघाले तर? अप्पा..."

"आरवायच्या आत नेऊन सोडीन की गावाला," त्या म्हणाल्या. "आन् सांजच्या गाडीनं येईन. आता काय, एसटी चालू हाय."