घळीतली सोयरीक

आमच्या साडूंनी सह्याद्रीला जेवढं छळलं, तेवढं ऊन, वारा आणि पाऊस यांनी मिळूनही छळलेलं नाही. पेशानं ते नगर जिल्ह्यातल्या अकोल्यात एका दवाखान्यात कंपाउंडर. पण बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवता चिकटवता रोग्याला जुन्या घाटवाटा शिकवत. खोकल्याचं औषध न्यायला आलेला माणूस कोकणातलं मीठ कुठल्या वाटेनं वर चढायचं हे ऐकून जाई आणि बाटली तिथंच विसरे. दगड चौकोनी दिसला की ती सातवाहनांच्या काळातली पायरी, आणि वाकडा दिसला की तीच पायरी, फक्त झिजलेली! खड्डा दिसला की तांड्याच्या बैलांसाठी कोरलेलं टाकं. एकदा असल्या एका टाक्यात एक म्हैस निवांत डुंबत होती. मी काही बोलायच्या आत हेच म्हणाले, "बघा साडू, परंपरा अजून चालू आहे."

साडू म्हणजे समदुःखी, असं लोक म्हणतात. आमच्यात दुःख तेवढं माझ्या वाट्याला आलं होतं. मी नगरचा, सपाटीवरचा माणूस. कापडबाजारात चक्कर मारून आलो तरी मला व्यायाम झाल्यासारखं वाटतं. पण सासुरवाडीच्या निमित्तानं अकोल्याला गेलो की हे गृहस्थ पहाटेच दारात उभे. अंगात खाकी अर्धी चड्डी, डोक्याला टॉवेल, खांद्यावर भाकरी-ठेचा बांधलेलं फडकं. "कुठं जायचं?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "हे काय, पलीकडंच." ते 'पलीकडंच' यायला दुपार कलायची, माझ्या टाचेला फोड यायचे आणि तिथं पोचल्यावर कळायचं, की खरी वाट अजून पलीकडं आहे. पाण्याची बाटली घ्यावी म्हटलं तर म्हणत, "डोंगराचा अपमान होतो." डोंगराचा मान राखता राखता माझी जीभ टाळूला चिकटायची.

हे सगळं चाललं असतं. हौसेला मोल नसतं आणि साडूला पर्याय नसतो. पण त्यांनी हीच हौस पोटच्या पोरीच्या लग्नात घुसवली, तेव्हा मात्र घरात रडारड सुरू झाली. सुमन त्यांची एकुलती एक. पोरगी गुणाची, शिकलेली, बापाबरोबर डोंगर तुडवून काटक झालेली. स्थळं येत होती, पण बैठकीवर यांचा विश्वासच नव्हता. म्हणत, "सतरंजीवर बसून सगळेच गोड बोलतात हो. चढावर माणसाला खोटं बोलता येत नाही. दमच पुरत नाही!" म्हणून आलेल्या पाहुण्यांना पोहे झाले की हे "जरा देवदर्शन करून येऊ" म्हणत आणि सरळ कड्यावर नेत. संगमनेरचे एक मामा कारवीच्या उतारावरून बसून घसरत आले. उरलेली बोलणी त्यांनी भिंतीला टेकून, उभ्यानंच आटोपली आणि नकार कळवला. पारनेरचे वरबाप पहिल्याच चढावर बसकण मारून म्हणाले, "मुलगी तुमच्याकडंच राहू द्या, मला तेवढं खाली न्या." सुमनच्या बरोबरीच्या पोरींच्या कडेवर पोरं आली. आमची मेहुणी, म्हणजे अक्का, माझ्यापुढं डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "भावोजी, आता एक स्थळ गेलं तर पोर घरात बसेल हो. तुम्ही तरी मध्ये पडा."

मी मध्ये पडलो. माझ्या ओळखीतलं मिरजगावचं घर होतं. मुलगा शाळामास्तर, बाप शेतकरी, चार लोकांत पत असलेला. साल बहात्तर. पूर्वेकडच्या त्या तालुक्यांत पावसानं तोंडही दाखवलं नव्हतं, माणसं खडी फोडायच्या कामावर गेली होती. अशा दिवसांत ते बापलेक एसटीच्या दोन गाड्या बदलून अकोल्याला आले. मी साडूंना आदल्या दिवशीच हात जोडून सांगितलं होतं, "या खेपेला डोंगर नको. हे मैदानातले लोक आहेत." साडूंनी मान डोलावली. सकाळी पोहे झाले आणि हे म्हणाले, "जरा भंडारदऱ्याकडं जाऊन येऊ. देवदर्शन." वर सुमनलाही बरोबर घेतलं! "मुलगी बघायचा वेगळा कार्यक्रम कशाला? चालता चालता बघतील." घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात. इथं व्याही व्हायच्या आधीच घोडा आमच्या घरातून सुटला होता.

देव वाटेतच राहिला आणि आम्ही एका घळीच्या तोंडाशी उभे राहिलो. दोन्ही बाजूंना आभाळाला भिडलेले कातळ, मधून जेमतेम माणूस जाईल एवढी फट. आत ऊन दुपारचं घटकाभर येत असेल तेवढंच. खाली घरांएवढे धोंडे आणि धोंड्यांच्या मधे काळं, गार पाणी. साडू पुढं होऊन इतिहास सांगत होते. इथून म्हणे मिठाचे बैल जायचे. त्या फटीतून बैल सोडा, मला आडवं व्हावं लागत होतं. मास्तर सगळ्यांच्या वहाणा छातीशी धरून निमूट चालला होता. मिरजगावकर धोतर गुडघ्यावर खोचून माझ्या मागं येत होते. चालता चालता पाणी कमरेला लागलं आणि तेवढ्यात पाहुण्यांचा पाय शेवाळावरून सटकला. धप्पकन आवाज झाला. मी वळून पाहतो तर वरबाप छातीइतक्या पाण्यात बसलेले आणि फेटा पुढं तरंगत निघालेला. सोयरीक बुडाली, आणि माझ्या डोळ्यांदेखत! मी मनातल्या मनात अक्काला काय सांगायचं ते जुळवायला लागलो.

"धरा, धरा!" करत मी पुढं झालो, तर पाहुण्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या जरा. बसू द्या मला."

ते तसेच बसून राहिले. ओंजळीत पाणी घेऊन त्यांनी तोंडावर मारलं, पुन्हा घेतलं, नुसतं बघत राहिले आणि मग हळू सोडून दिलं. गड्याचे डोळे भरून आले होते. साडूंचा इतिहासही थांबला.

"लई दिस झालं एवढं पानी बघून," ते म्हणाले. "आमच्याकडं हिरीचा तळ दिसाया लागलाय. बाया हंडा घेऊन लांब जात्यात. बैठकीत म्या हे बोलनार न्हवतो. पन तुमी पोटची पोर द्याया निघालाय, म्हनून सांगतो. आमच्या घरी ही पोर पान्यासाठी लई चालंल बघा. तुमाला न्हाई म्हनायचं आसंल तर आत्ताच म्हना, म्या राग मानायचा न्हाई."

ज्या माणसाला प्रत्येक धोंड्यावर तासभर बोलता येत होतं, ते आमचे साडू एकदा पोरीकडं बघत होते आणि एकदा पाण्याकडं. खरं बोलणारा माणूस शोधायला हे एवढे डोंगर फिरले. तो सापडला, आणि आता त्याचं खरं त्यांना सोसवत नव्हतं.

सुमननं पदर खोचला, पाण्यात उतरली आणि होणाऱ्या सासऱ्यापुढं हात केला. "उठा मामा, गारठाल. चालायची सवय आहे मला."

पाहुणे उठले आणि पोराकडं वळले. "मास्तर, तुजं काय म्हननं?"

मास्तर वहाणा सावरत म्हणाला, "एक हंडा मी आणीन की."

"तू? आरं, गाव हसंल!"

"हसू द्या."

तिथंच, कमरेएवढ्या पाण्यात, लग्न ठरलं. नारळ फोडायला दगड तेवढे भरपूर होते, नारळच नव्हता.

फाल्गुनात लग्न झालं. पाठवणीच्या वेळी अक्का रडली, माझी बायको रडली, वाजंत्रीवाल्यांनीही डोळे पुसले. साडू कोरडे. गाडी सुटायच्या बेतात असताना त्यांनी व्याह्यांना बाजूला घेऊन विचारलं, "विहिरीच्या वाटेवर सावली आहे का?"

"येक लिंब हाय मधी."

"बरं," म्हणाले आणि गर्दीत मागं सरकले.

पंधरवड्यात ते मिरजगावला जाऊन आले. परत जाताना नगरला माझ्याकडं उतरले. मी अंगणात खुर्च्या टाकल्या, दोन तास ऐकायची मनाची तयारी केली आणि मुद्दाम खोडी काढली, "काय साडू, कशी आहे विहिरीची वाट? कुणाच्या काळातली?"

त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. तो स्वच्छ झाला तरी पुसतच राहिले.

"सपाट आहे हो," म्हणाले. "एक खेप मी सुमनबरोबर केली. दुसऱ्या खेपेला म्हणाली, दादा, तुम्ही आता सावलीत बसा."

"मग?"

"बसलो."