सांकुंगची निळी ताटली

ब्रॉंक्सच्या मशिदीत जुम्म्याच्या नमाजानंतर हेपॅटायटिस बीच्या तपासणीचं टेबल लागायचं, आणि तिदा दाबो माणसं हाताला धरून तिथं आणायची. वेण्या घालायच्या दुकानातही तिची जीभ बोटांपेक्षा जोरात चाले. "सुईला घाबरतोस होय रे? मग दाढी कशाला वाढवलीस?" म्हणत तिनं धाकट्या भावाला, सांकुंगलाही बसवलं. स्वतः मात्र बसली नाही. "मला काय धाड भरलीय!"

सांकुंगच्या रक्तात आजार निघाला. टेबलावरच्या नर्सनं, फांतानं, बजावलं, "दर सहा महिन्यांनी यकृत तपासायचं. कॅन्सर झालाच, तर वेळेत कळेल." तिदानं पुढे काही विचारलंच नाही.

आफ्रिकेतून इथं आलेल्या आमच्या लोकांत घर म्हणजे एक परात. सगळ्यांनी भोवती बसून आपापल्या पुढचा भात खायचा, माशाचा चांगला तुकडा दुसऱ्यापुढे सारायचा. त्या दिवशी तिदानं परातीत भात ओतला आणि सांकुंगपुढे वेगळी निळी ताटली ठेवली.

"कोतो, हे काय?" थोरल्या बहिणीला तो कोतोच म्हणायचा.

"घरात पोरं आहेत, बाबा. समजून घे."

घेतलं बिचाऱ्यानं समजून. आठवड्यात दुसरीकडे राहायला गेला. तपासणीची पत्रं यायची, ती फाडून टाकायचा. बहिणीनं ताटली वेगळी केली, आता दवाखान्यात जाऊन गावभर बोभाटा कशाला? तीन वर्षांनी पोटात पाणी झालं, तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं.

सांकुंग गेल्यावर चाळिसाव्या दिवशीच्या जेवणाला फांता आली. तिदा ती ताटली कचऱ्यात टाकत होती. "लागण नको गं," ती म्हणाली.

फांतानं कपाळावर हात मारला. "अगं बाई! एका परातीत जेवून हा आजार होत नाही! तुझ्या पोरांना तर जन्मल्याबरोबर लस टोचलीय. आपल्यात पुष्कळांना तो बाळंतपणात आईकडून येतो. तुमची आई एकच ना? मग तू तपासलंस का?"

तिदानं तपासलं. तोच आजार निघाला.

निकाल आला त्या दुपारी तिनं चाळिसाव्यालाच कचऱ्यातून काढून धुतलेली निळी ताटली घेतली आणि कोपऱ्यात वेगळी जेवायला बसली. तिच्या लेकीनं ती हातातून ओढून घेतली. "वेड लागलंय का आई? इकडे ये, आमच्यात बस." आणि माशाचा तुकडा तिच्यापुढे सारला.

तिदा परातीशी सरकून बसली. 'आमच्यात बस', एवढंच तिनं सांकुंगला म्हणायचं होतं, आणि तेवढं तिच्या तोंडून निघालं नव्हतं.