तात्यांची खुर्ची

आमच्या पनवेलच्या बाजारात दुपारी गिऱ्हाईक नसलं की तांदळाचे सगळे व्यापारी आमच्या दुकानाच्या ओट्यावर जमायचे. तिथं किस्से साठायला काय उशीर! पण खरं सांगतो, त्यातले निम्मे मिठागरवाल्या गणू पाटलाबद्दलचे, आणि तेही आमच्या पोटात दुखायचं म्हणून सांगितलेले.

*

स्वातंत्र्यानंतर गावोगाव सहकारी सोसायट्या निघत होत्या. खाडीकाठच्या गणूनं मिठागरवाल्यांची काढली. ऑफिस पत्र्याच्या शेडमध्ये, खुर्ची एकच! आम्ही पोट धरून हसलो.

काही दिवसांनी शेडसमोर सोसायटीची स्वतःची लॉरी उभी राहिली. त्या दुपारी चहा कुणालाच गोड लागला नाही.

*

मी मुद्दाम त्यांची मीटिंग बघायला गेलो. खुर्चीवर चेअरमन गणू, आणि म्हातारा बाप खाली चटईवर! बाप मध्येच बोलायला लागला तर गणू म्हणतो, "बाबा, हात वर करा. नंबर आला का बोला!"

"काय हे संस्कार!" मी ओट्यावर येऊन सांगितलं. सगळ्यांना फार बरं वाटलं.

*

मग ईर्ष्येनं आम्हीही सोसायटी काढली. शिकलेला म्हणून माझा चुलतभाऊ वसंता चेअरमन. पण खुर्चीवर बसले थोरले काका, तात्या. त्यांच्यासमोर वसंता बसणार कसा? बिचारा मीटिंगभर उभा! पाय दुखायला लागले की म्हणायचा, "बाकीचं पुढच्या मीटिंगला!"

*

बंदरावरचं गोदाम भाड्यानं निघालं. ते मिळालं तर पावसाळ्यात आमचा तांदूळ भिजायचा थांबणार होता. मालक म्हणाला, संध्याकाळपर्यंत जो हो म्हणेल त्याला.

तातडीची मीटिंग भरली. तात्यांना खुर्चीत डुलकी लागली. त्यांना उठवायचं कुणी? आणि त्यांच्याआधी हो म्हणायचं कुणी?

तात्या उठले तेव्हा गोदामावर गणूचं कुलूप होतं! मला इतकं लागलं, की आठवडाभर त्या रस्त्यानं गेलो नाही.

*

पावसाळा तोंडावर आला तेव्हा नाक मुठीत धरून गणूकडे अर्धं गोदाम मागितलं. त्यांच्या मीटिंगमध्ये हात वर झाले. तात्यांसकट आम्ही बाहेर उभे. चावी घेऊन आला गणूचा म्हातारा बाप.

"मी नको बोललो होतो," तो म्हणाला. "पन ठरला ना! ही घ्या."

तात्यांना गुदगुल्या झाल्या. "मुलगा ऐकत नाही वाटतं तुमचं?"

"ऐकतो त! समद्यांचा ऐकतो, मंग हात मोजतो."

तात्यांनी तोंड फिरवलं. म्हातारा चावी पुढे धरून उभा. वसंतानं माझ्याकडे पाहिलं, मी तात्यांकडे.

"अवो, घ्या ना कुनीतरी! हात दुखाय लागला!"

घेणार कशी? तात्यांनी अजून हात पुढे केला नव्हता!