दारावरचा दोडक्याचा वेल

आमच्या घराच्या दारावर चुन्यातला दोडक्याचा वेल आहे. अमरावतीत दुसऱ्या कोणाच्या दारावर असला तर मला आणून दाखवा. इंग्रजाच्या राज्यात कापसावर पैसा झाला तेव्हा शहरात माड्या उठल्या. त्यांच्यावर कमळं आली, मोर आले, एका शेठने तर सिंह बसवले. वऱ्हाडात सिंह कोणी पाहिला होता, देव जाणे.

आम्ही माळी. शहराबाहेर मळा, भाजी आणि फुलं विकायची. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, तेव्हा सासऱ्यांनी मळ्यात पक्कं घर बांधायला काढलं. मला मूल नव्हतं. नवऱ्याचं दुसरं लग्न करायचं असं सासूबाई म्हणत, आणि माझ्या तोंडावर म्हणत. लपवाछपवी त्यांच्या स्वभावातच नव्हती. घरभरणी झाली की पोरगी पाहायची, असं ठरत आलं होतं. भिंती वर चढत होत्या आणि मी रोज किती थर चढले ते मोजत होते.

नक्षीकामासाठी अचलपूरहून एक मुसलमान मिस्त्री आला. वयस्कर, गिलाव्यावर हात बसलेला. सासरे म्हणाले, “शेठच्या दारावर हायेत तशे कमळं काढ.”

“कमळ दाखवा, काढतो,” तो म्हणाला. “न पाह्यता काढलेलं फूल मेलेलं दिसते.”

आता कमळ कुठून आणणार? त्याने मळ्यात एक चक्कर मारली आणि विहिरीजवळच्या मांडवासमोर उभा राहिला. तिथे दोडक्याचा वेल चढला होता. पान कसं वळतं, वेल काठीला कसा विळखा घालतो, ते तो बघत बसला. “हे पाहा, तयार नक्षी! मांडवावर चढली तशी दारावर चढवतो.”

सासरे भडकले. “लोक हासतीन ना! भाजीवाल्याच्या दारावर भाजी!”

“मंग आपण काय हिऱ्याचे व्यापारी हाओ?” सासूबाई म्हणाल्या. विषय संपला.

दोडक्याचं फूल दिवस कलल्यावर उमलतं. मिस्त्री चुना मळून तयार ठेवी आणि ऊन उतरलं की हाक मारी, “बहू, फूल आण!” मी ताजं पिवळं फूल खुडून त्याच्यासमोर धरी. जन्म त्या वेलांत गेला, पण फुलाकडे नीट पाहिलं नव्हतं मी. पाकळ्यांवर चुण्या असतात, पिळून वाळत घातलेल्या लुगड्यासारख्या. त्या चुण्या चुन्यात उतरताना पाहून मला फार बरं वाटायचं. त्या दिवसांत तेवढंच काय ते बरं वाटायचं.

घरभरणीला नात्यातल्या बाया आल्या. सगळ्या माळणी, दारातच थबकल्या. माझ्या चुलतसासूने तोंडावर हात ठेवला.

“अव बाप्पा! एवढा फुलला वेल, अन् एक बी दोडका नाई?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोडक्याच्या नर फुलामागे नुसता देठ असतो, मादी फुलामागे बोटभर दोडका. ते धरलेलं फूल आमच्यात कोणी तोडत नाही, तोडलं की दोडका गेला. मी रोज नेली ती सगळी नर फुलं. मिस्त्रीने समोर धरलं ते काढलं.

“काय व,” चुलतसासू सासूबाईंना म्हणाली, “सुनेची कुंडलीच दारावर मांडली काय?”

बाया हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता पोरीचं बोलणं निघणार, असंच मला वाटलं.

“हासता काय?” सासूबाई कडाडल्या. “धरलेलं फूल मीच तोडू देत नाई कोणाले. तिनं माह्यं ऐकलं. वेल असा झाला त्याच्यात तिचा काय दोष?”

बोलून गेल्या आणि स्वतःच्याच बोलण्याने चपापल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मग तडक मांडवाकडे गेल्या आणि धरलेलं फूल खुडून घेऊन आल्या. सासरे बघतच राहिले. “मिस्त्री, हे बी काढ,” घरभरणीला बोलावलेल्या मिस्त्रीला त्या म्हणाल्या.

त्याने काढलं. पण वाळलेल्या गिलाव्यावर ओला चुना कुठे धरतो! दिवाळीच्या सुमारास मी सडा टाकायला गेले, तर दोडक्याचे तुकडे उंबऱ्यावर पडलेले. मी ते वेचायला खाली बसले. सासूबाईंनी खराटा घेतला आणि तुकडे लोटून जास्वंदीच्या बुडाशी टाकले.

“मिस्त्रीले बोलावू का?” मी विचारलं.

“कायले? वेल चांगला हाय. अन् पोरगी-बिरगी काई पाह्यत नाई मी. चूल पेटव.”

मला मूल झालं नाही. सवतही आली नाही. घरी कोणी नवीन माणूस आलं की सासूबाई त्याला दारातच थांबवायच्या आणि वर बोट दाखवायच्या. “हे फुलं माह्या सुनेनं आणून देल्ले.”