परसातला गलांडा

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी लग्न होऊन मी श्रीगोंद्याकडच्या मळ्यातून भिंगारला आले. मालक लष्कराच्या डेपोत कारकून. राहायला सरकारी दोन खोल्या आणि मागं एवढंसं परस. निघताना आईनं गलांड्याची वाळलेली फुलं फडक्यात बांधून दिली होती. आषाढात मी ती चुरगाळून परसात पेरली.

सासूबाई मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय टाकलंस?"

"गलांडा."

"त्याला ना वास, ना त्याची भाजी. कोथिंबीर तरी टाकायचीस."

मी वरून माती सारली. पण त्यांनी उपटायलाही लावलं नाही.

पाऊस हात राखूनच पडत होता. अंघोळीचं पाणी मी वाफ्यात सोडायची. श्रावण सरता सरता फुलं आली, मधे तांबडी, कडेला पिवळी, आणि मग थांबेचनात. आज खुडावीत तर परवा पुन्हा तितकीच. दुपारी सगळं निजलं की मी पायरीवर बसायची. छावणीतला बिगुल लांबून ऐकू यायचा, फुलं वाऱ्यावर हलायची, डोळे जड व्हायचे. वाटायचं, आई विहिरीवर गेलीय, आत्ता हाक मारील.

भाद्रपदात सासूबाईंना ताप भरला. आत जीव कोंडतो म्हणाल्या, म्हणून त्यांची बाज मागच्या दाराशी टाकली. त्या वाफ्याकडे बघत पडून राहायच्या. एका दुपारी डोळे न उघडताच म्हणाल्या, "आमच्या दारात पण हा होता गं."

"केडगावला? तुमच्या माहेरी?"

"हं. आई गेली आणि कुणीतरी सगळा उपटून टाकला. मी लहान होते."

मी त्यांचे पाय चेपत राहिले. "आत्याबाई, एक आणू का?"

"आण. जास्त तांबडं बघ."

मी ते त्यांच्या अंबाड्यात खोवलं. त्यांनी हात मागं नेऊन चाचपलं आणि माझा हात तसाच धरून ठेवला. ऊन बाजेवरून भिंतीवर चढलं, चहाची वेळ टळली. मालक येऊन दारात उभे राहिले, तरी आम्हा दोघींना कळलं नाही.

ताप उतरला. फुलं थंडीपर्यंत येत राहिली. दिवाळीला भाऊ मला न्यायला आला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "राहा सावकाश. पाण्याचं मी बघते."