रॅन्सली ठाण्याची परटीण
डाकोटाच्या माळावरचं रॅन्सली ठाणं लष्करानं १८९१ मध्ये सोडलं. पलटण गेली, मागं राहिली ऑनोरा टिअर्नी. शिपायांचे कपडे धुणारी ही आयरिश बाई पत्रासाठी थांबली होती. तिचा शिपाई नवरा मॅलकी पलटणीबरोबर ॲरिझोनाला जाताना म्हणाला होता, "जागा मिळाली की पत्र धाडतो. तोवर इथून हलू नकोस, नाहीतर पत्र तुला कुठं शोधेल?"

पत्र काही आलं नाही. दोन वर्षांनी त्याच बराकींत सरकारनं तिथल्या लकोटा या आदिवासी जमातीच्या मुलांची निवासी शाळा काढली, आणि ऑनोरा तिथंच धुण्याला लागली. पोस्टमास्तर चिडवायचा, "मॅलकी अजून अक्षरं गिरवतोय वाटतं!"

"गिरवू दे की. मला कुठं घाई आहे?" ती म्हणायची, आणि परतताना दक्षिणेकडच्या रस्त्याकडं बघत राहायची.

एका सोमवारी ती कुंपणाशी चादरी वाळत घालत होती. पलीकडं एक लकोटा बाई उभी होती. नदीपल्याड तंबू ठोकून ती चार दिवस रोज येत होती. शाळेनं भेट नाकारली होती.

"माझी पोर," ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली. "वाह्चा."

ऑनोरा मुलींच्या खोलीत गेली. "वाह्चा कोण गं?" कुणी बोलेना. आपल्या भाषेतलं नाव काढलं की छडी बसायची. शेवटी कोपऱ्यातल्या, शाळेनं लूसी नाव ठेवलेल्या मुलीनं मान वर केली. कातरलेल्या केसांची, आठ वर्षांची.

त्या दिवसापासून दर सोमवारी चादरींच्या आडोशाला मायलेकी कुंपणाच्या तारेतून एकमेकींची बोटं धरून बसत.

"टिअर्नीबाई, धुणं इतक्या लांब कशाला?" मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं.

"तिथं वारा चांगला लागतो, साहेब."

पोर खोकायला लागली तेव्हा मात्र ऑनोराला राहवेना. त्या हिवाळ्यात शाळेत दोन मुलं खोकल्यानंच दगावली होती. तिनं तार उचकटली आणि पोरीला पलीकडं दिलं. "घेऊन जा. मागं बघू नकोस."

आईनं आपली घोंगडी पोरीला गुंडाळली. "तुझं काय?"

"माझं बघते मी."

शाळेनं शोध घेतला, पण पोर काही सापडली नाही. ऑनोराला त्याच संध्याकाळी ठाण्याबाहेर काढलं. पुढं ती गावातल्या हॉटेलात इस्त्री करायची. तिथंच एक म्हातारा शिपाई भेटला. मॅलकी पहिल्याच उन्हाळ्यात तापानं गेल्याचं त्यानं सांगितलं. तिनं हातातला सदरा नीट घडी करून ठेवला आणि मग खाली बसली.

पुढं शाळा बंद झाली आणि १९१२ मध्ये ठाण्यात क्षयरोग्यांचं इस्पितळ आलं. साठीची ऑनोरा पुन्हा तिथं धुण्याला लागली. खाटेवर पडल्यापडल्या घरच्या वाटेकडं डोळे लावणाऱ्यांपाशी ती ओल्या हातांनीच जाऊन बसायची. "तुझं गाव कसं आहे रे? सांग मला," म्हणायची.

ती गेली तेव्हा तिला ठाण्याच्या दफनभूमीत पुरलं. तिथं पुरलेल्या शिपायांच्या शवपेट्या सरकारनं केव्हाच उकरून आगगाडीनं दुसरीकडं हलवल्या होत्या. जागेला काही तोटा नव्हता.