एक खोटं तुमचं, एक माझं

मी अन् माझी बायको भागरता, आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तुरीच्या शेंगा सोलणं. अंगणात बसलो होतो, मधे सूप. भागरता म्हणाली, "सोलून रायले का खाऊन रायले? सुपात तं काई दिसत नाई." मी म्हटलं, दात नाहीत, चघळतो. "मंग चघळा. भाजीत टरफलं घालतो तुमच्या." एवढं बोलून आत जाऊन आडवी झाली. चहाच्या वेळेला हाक मारली तर उठली नाही. संध्याकाळच्या आत तिला मसणात पोचवून आलो.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. पण माझ्या बायकोला ज्यांनी पाहिलं नाही त्यांना ती सिनेम्यातून कळणार नाही, म्हणून लिहितो. सिनेमा आमच्या पोरावर बनून राहिला आहे. जगदीश नाव त्याचं, लोक त्याला जग्गू झाडीवाला म्हणत. आपल्या झाडी बोलीत रॅप करायचा. मुंबईला गेला, मोठा झाला, तिरोड्याच्या पानठेल्यावरसुद्धा त्याचं गाणं वाजायचं. मला ते गाणं वाटत नव्हतं, भांडण वाटायचं. भागरता म्हणायची, "भांडनच हाय ते. बोरिंगवर मी भांडतो ना, तिथूनच चाल उचलली पोट्ट्यानं." खरं होतं. पाण्याच्या नंबरावरून ती भांडायला उभी राहिली की श्वास न घेता बोलायची अन् शेवटचा शब्द असा टाकायची की समोरची बाई घागर तिथंच विसरायची. जग्गू लहानपणी बाजूला बसून ऐकायचा.

तो मुंबईत मोटरसायकलवरून पडून गेला. देह ठेवण्यासारखा नव्हता, त्याच्या दोस्तांनी तिथंच उरकलं. आमची गाडी पोचली तेव्हा अस्थींचं एक मडकं हातात दिलं. भागरतानं ते उघडून पाहिलं अन् म्हणाली, "हे कोनाचं बी असंल." गावी आल्यावर वैनगंगेत सोडलं. पण ते वाक्य ती विसरली नाही.

दुसऱ्या वर्षी सिनेमावाले आले. डायरेक्टर तरुण पोरगा, पुण्याकडचा, मऊ बोलणारा. घरात बसून त्यानं सगळी गोष्ट वाचून दाखवली. त्यात जग्गूचा बाप दारू पिऊन त्याला मारतो अन् पोरगा घरातून पळतो, असं होतं. मी आयुष्यात दारू चाखली नाही. त्याला म्हटलं, हे काय रे बाबा? तो म्हणाला, "बाबा, लोकांना संघर्ष लागतो."

भागरता चुलीजवळून बोलली, "अन् मेल्यावर घरी येते का तो, तुमच्या सिनेम्यात?"

"नाही आई. खरं जसं झालं तसंच. मुंबईतच."

"काऊन? बुढ्याले दारू पाजली तवा खरं कुठं गेलतं? एक खोटं तुमचं, एक माझं. पोट्ट्याची तिरडी या दारातून निघन. नाई तं बुढा दारू पीत नाई."

डायरेक्टर हसला. ती हसली नाही. तो तीनचार दिवस समजावत राहिला, ही रोज त्याला भात वाढायची अन् रोज तेच म्हणायची. शेवटी तो कबूल झाला. मला दारुडा व्हावं लागलं, त्याचं मला काही वाटलं नाही.

शूटिंगच्या सकाळी जग्गूचं काम करणारा नट पांढरी चादर घेऊन तिरडीवर निजायला आला. भागरतानं त्याचा हात धरला. "तुझी माय हाय ना जित्ती? मंग जित्त्या मानसानं इथं निजू नये. ऊठ, चहा पी."

आमच्यात देह सापडला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात अन् त्यालाच अग्नी देतात. ती पहाटेच पानं घेऊन आली होती. गावातले म्हातारे म्हणाले, भागरता, ज्याचा देह भेटला नाही त्याचाच पुतळा करतात, याला तर मुंबईत जाळला.

"मले कुठं भेटला?" ती म्हणाली.

तिनं पुतळा बांधला, त्याला जग्गूचा लाल शर्ट घातला, टोपी उलटी ठेवली, जशी तो ठेवायचा. तिरडीपुढं विस्तवाचं मडकं धरायला डायरेक्टरनं माझं काम करणारा नट आणला होता. तिनं मडकं त्याच्या हातातून काढून माझ्या हातात दिलं. "बाप हा हाय. तुमी जरा बाजूले व्हा, भाऊ."

गावाला सांगितलं होतं की नुसतं मागं चालायचं. पण लोक घरोघरून एकएक लाकूड घेऊन आले, जसं खऱ्या मयतीला आणतात. वेशीपाशी डायरेक्टर "कट" म्हणून ओरडला. कोणी थांबलं नाही. बायका वेशीवर थांबल्या, आम्ही तलावाच्या पाळीखालच्या मसणात गेलो अन् कॅमेरावाले धापा टाकत मागून आले. मी अग्नी दिला. तेव्हा मी रडलो, मुंबईत रडलो नव्हतो. मग सगळ्या गावानं तलावात आंघोळ केली. सिनेमावाल्यांचं पनीर कोणी खाल्लं नाही. शेजारणींनी भात अन् वरण आणून दिलं होतं.

जग्गू गेल्यापासून भागरता बोरिंगवर भांडली नव्हती, त्यानंतर पुन्हा भांडायला लागली. एवढ्यावरून मी ओळखलं.

मधे डायरेक्टरचा फोन आला होता. पैसे लावणारे म्हणतात तो सीन खोटा वाटतो, काढा. भागरतानं ऐकून घेतलं अन् मला म्हणाली, "त्यानं पायलं ना डोळ्यानं? तरी खोटा?"

तिला पोचवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्याला फोन लावला. बाई गेली म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, मी भांडतो त्यांच्याशी. आईंसाठी ठेवतो तो सीन."

मी म्हटलं, "तुझ्या सिनेम्याले पायजे असंल तं ठेव, बापा. आमच्यासाठी ठेवू नोको. आमचा पोट्टा घरी आला, दारातून निघाला, मी त्याले अग्नी देल्ला. तिनं माझ्या हातानं करून घेतलं. आमचं झालं."

फोन ठेवला अन् मसणात गेलो. पुतळा जाळला त्याच्या बाजूलाच तिला जाळलं होतं. वाकून हात लावून पाहिला. राख अजून कोमट होती. सावडायची घाई नव्हती. बसलो.